गंज काढला म्हणजे करवत झाली असं नाही

भंगारात पडलेली करवत हातात घेतली की गंज मी सगळ्यात शेवटी बघते. गोव्यात गंज न चढलेलं जुनं हत्यार मिळणं कठीणच. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते पोलादावर बसलं की हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पावसाचे चार महिने तर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. अशा हवेत पडून राहिलेली करवत तांबडी होणारच. मी आधी पात्याचा सरळपणा बघते, मग दात्यांची रांग, मग मूठ. या तिन्हींत काही दम असेल तर गंजाचं बघून घेता येतं.

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या मेस्ताची, म्हणजे सुताराची, शाळ (कामाची जागा) बंद झाली. मुलं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या धंद्यात गेलेली, त्यामुळे हत्यारं किलोच्या भावाने भंगारात आली. रंधे आणि पटाश्या माझ्याआधीच कोणीतरी उचलल्या होत्या. करवती तशाच राहिल्या होत्या, कारण गंजलेली करवत दिसते त्याहून जास्त मेलेली वाटते. मी त्यातल्या तीन निवडल्या.

निवड कशी केली ते सविस्तर सांगते, कारण निम्मं काम तिथेच होतं. मूठ डोळ्याशी धरायची, टोक उजेडाकडे करायचं आणि एक डोळा मिटून दात्यांच्या रेषेवरून बघायचं. पातं एकसारखं हलकं वाकलेलं असेल तर दोन्ही हातांनी उलट दिशेला वाकवून ते सरळ होऊ शकतं. पण एकाच जागी मोड पडली असेल तर ती करवत ठेवून द्यावी. ती मोड हातोडीने काढणारे कारागीर आहेत, पण माझ्यासारखीने त्यात पडू नये. मग टोक धरून पातं वाकवायचं आणि सोडायचं. चांगलं पातं झटकन जागेवर येतं. करवतीचं पोलाद आधी पाणी देऊन कडक केलेलं आणि मग बेताने तापवून थोडं नरम केलेलं असतं, म्हणून त्याला स्प्रिंगसारखी लवचीकता असते आणि तरीही कानस त्यावर चालते.

हल्ली दुकानात मिळणाऱ्या बहुतेक करवतींच्या दात्यांची टोकं विजेच्या झोताने तापवून वेगळी कडक केलेली असतात. टोकांवरचा निळसर काळा रंग ही त्यांची खूण. त्यांची धार बरीच टिकते हे खरं, पण गेली की गेली. कानस लावली तर ती घसरते आणि स्वतःच बोथट होते. अशी करवत फेकून देण्यासाठीच बनवलेली असते. जुनी करवत मात्र दर वेळी धार लावताना केसभर झिजते आणि तरी माणसाचं आयुष्य पुरून उरते. मी या कामात पडले ती यासाठी.

गंजाने खाल्लेले खड्डे कुठे आहेत तेही बघावं लागतं. पात्याच्या मध्यावर असतील तर चालतात. दात्यांच्या रांगेजवळ खोल खड्डे असतील तर दाता घासताना त्याचं टोक नेमकं खड्ड्यात येतं आणि तुटतं. माझ्या तिसऱ्या करवतीचं तसंच होतं, आणि ते दिसत असूनही मी ती घेतली. तिचं काय करायचं ते माझ्या मनात होतं.

काम मी नोव्हेंबरात सुरू केलं. पावसाळ्यात ओल्या पोलादाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. धुतलेलं पातं पुसेपर्यंत त्यावर नारिंगी साय धरते.

आधी मूठ काढायची. जुन्या मुठींना पितळेचे स्क्रू आणि गोल नट असतात. काहींच्या नटांना मधोमध नव्हे, तर दोन बाजूंना खाचा असतात. साधा स्क्रूड्रायव्हर त्यात बसत नाही, मधला बोल्ट आडवा येतो. मी एका जुन्या रुंद स्क्रूड्रायव्हरच्या धारेत मधोमध कानशीने खाच पाडली. हत्यारासाठी आधी हत्यार करावं लागतं, आणि ते करण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. पितळ नरम असतं, जोर केला की खाच फाटते आणि मग तो नट कायमचा विद्रूप होतो. तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी नट सुटले. एका मुठीवर पितळेची बिल्ल्यासारखी चकती होती, तिच्यावर वॉरंटेड सुपिरिअर अशी अक्षरं. त्यावरून करवत कोणाची ते कळत नाही, कारण हीच चकती अनेक कारखाने वापरत. पण त्या करवतीच्या पाठीला हलका खोलगट बाक होता. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डिस्टन कारखान्याने 1874 साली अशा पाठीची करवत बाजारात आणली आणि मग इतरांनीही तो आकार उचलला. म्हणजे ही त्यानंतरची, एवढं नक्की.

आता गंज. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाच मिनिटांत पातं चकचकीत करणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. ब्रश एका जागी रेंगाळला की पातं तापतं, निळा डाग पडला की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि तिथले दाते पुढे धार धरत नाहीत. शिवाय पात्यावर कारखान्याचं नाव ॲसिडने कोरलेलं असेल तर ते ब्रशखाली कायमचं जातं. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा मार्गही आहे. गंज सुटतो, पण पातं करडं होतं, जास्त वेळ राहिलं तर ॲसिड चांगलं पोलादही खातं, आणि बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याने धुऊन लगेच कोरडं करावं लागतं. खूपच माखलेल्या करवतीला मी तो करते. या तिन्हींना गरज नव्हती.

मी पातं सपाट फळीवर ठेवलं, दाढीच्या पत्तीची कड तिरकी धरून वरचे पापुद्रे खरवडले आणि मग वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, घेतला. पेपर हाताने धरायचा नाही. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा, म्हणजे तो फक्त उंचवट्यांवर चालतो आणि कोरलेल्या अक्षरांच्या खोलीत जात नाही. पेपर ओला करायला पूर्वी रॉकेल वापरत. आता ते मिळत नाही, म्हणून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. 120 नंबरने सुरुवात, मग 220, मग 400, सगळं पात्याच्या लांबीच्या दिशेने. तांबड्या चिखलासारखा राडा होतो, तो पुसत पुसत जायचं. खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुसता पुसता पात्याच्या मध्यावर आधी एक वळणदार रेघ, मग शेफिल्ड, आणि खाली कास्ट स्टील अशी अक्षरं करड्यावर गडद उठून आली. मी पेपर तिथेच थांबवला.

कास्ट स्टील, म्हणजे ओतीव पोलाद, हे शब्द जुन्या हत्यारांवर मिरवत, त्यामागे कारण आहे. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं होतं. त्याने इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. त्याआधीचं पोलाद कुठे कडक, कुठे मऊ असे. हत्यारांच्या धंद्यात शेफिल्डचं जे नाव झालं त्यात या मुशीचा वाटा मोठा आहे. फोंड्याच्या भंगारात ते नाव वाचताना मला खूप आनंद झाला. आणि तरी मी पातं आरशासारखं केलं नाही. काळसर डाग राहिले, बारीक खड्डे राहिले. लाकडात घासणार नाही इतपत गुळगुळीत झालं की पुरे. चकाकीसाठी आणखी पोलाद झिजवणं मला अन्याय वाटतो.

पितळेच्या स्क्रूंना आणि मुठीला मात्र मी घरचं औषध केलं. परसात बिंबलाचं झाड आहे. हुमणात नाहीतर लोणच्यात जातं तेच आंबट फळ. त्यात ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं आणि त्याला लोखंडाचा गंज विरघळवता येतो. आमच्याकडे पितळेची भांडी चिंचेने घासतात तशी बिंबलानेही घासतात. फळ मधून चिरून स्क्रूंवर चोळलं, पितळ उजळलं. मुठीत बोल्टांच्या भोकांभोवती निळे-काळे डाग होते. पात्याचं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य ओलाव्यात भेटलं की असे डाग पडतात, पेपरने घासून ते जात नाहीत कारण ते आत मुरलेले असतात. तिथे बिंबलाच्या रसाची चिंधी ठेवली, सुकली की पुन्हा ओली केली. दुसऱ्या दिवशी डाग तपकिरी होऊन फिके पडले. मग मूठ पाण्याने नीट पुसून सावलीत वाळवली. पात्याला मात्र बिंबल लावायचं नाही, त्याचं काम पेपरने झालेलं असतं.

मुठीचं खालचं शिंग तुटलेलं होतं. तुटकी बाजू सपाट करून त्यावर फणसाच्या लाकडाचा तुकडा गोंदाने चिकटवला आणि कानशीने आकार दिला. फणसाचा पिवळा मूळ लाकडाशी जुळत नाही, ते मला चालतं. हाताच्या घामाने काळी गुळगुळीत झालेली बाकीची मूठ मी घासली नाही. कोणाच्या तरी तळव्याने ती घडवलेली आहे. वरून जवसाचं तेल, पातळ हात, तीन दिवस वाळू दिलं. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळत घाला.

इथपर्यंत आलं की लोक फोटो काढतात आणि करवत भिंतीवर टांगतात. माझ्या हिशेबाने इथे कुठे काम सुरू होतं.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त आहेत. देवळाच्या रथाची डागडुजी त्यांच्याच घराण्याकडे असते. मी पुसून तेल लावलेली करवत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पात्याकडे पाहिलंही नाही. अंगठा दात्यांवरून फिरवला आणि म्हणाले, "बाय, आदीं दांत पळय. हेर मागीर." म्हणजे, बाई, आधी दात बघ, बाकीचं नंतर. मग त्यांच्या अंगणात बसूनच शिकले. खाली बसून, पायाने लाकूड दाबून काम करणारा हा माणूस उभ्या व्हाइसला (वस्तू घट्ट पकडून धरणाऱ्या शेगड्याला) मानत नाही. पण दात्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

शेफिल्डची करवत आडवी कापायची होती, दुसरी उभी चिरायची. दोघींचे दाते मुळात वेगळे. लाकडाच्या तंतूंना आडवं कापायचं तर दाता सुरीसारखा हवा, दोन्ही बाजूंनी तंतू तोडणारा. म्हणून त्याच्या कडा तिरक्या घासतात, साधारण वीस अंशांनी. तंतूंच्या दिशेने चिरायचं तर दाता पटाशीसारखा हवा, समोरून सपाट, म्हणून कानस पात्याला काटकोनात. आडव्या करवतीला इंचात आठ-दहा टोकं, उभ्या चिरणारीला पाच-सहा.

पातं दोन सागवानी पट्ट्यांमध्ये दाबून, दाते जेमतेम वर राहतील असं व्हाइसमध्ये धरलं. जास्त वर राहिलं की पातं थरथरतं, कानस किंचाळते आणि शेजारी दार लावून घेतात. पहिली पायरी सगळे दाते एका उंचीला आणण्याची. सपाट कानस लाकडी ठोकळ्याला टेकवून पात्याशी काटकोनात धरायची आणि सगळ्या रांगेवरून एकदा चालवायची. उंच दात्यांवर चमकणारे ठिपके उठतात, बुटके तसेच राहतात. वर्षानुवर्षं घाईघाईने घासलेल्या माझ्या दुसऱ्या करवतीत एक दाता मोठा, एक छोटा अशी स्थिती होती. सगळे एकदम समान केले तर काही दाते नाहीसेच होतील, म्हणून थोडं समान करायचं, थोडा आकार द्यायचा, पुन्हा समान करायचं. इथे मेस्तांनी एक युक्ती सांगितली. समईच्या ज्योतीवर पातं फिरवून दाते काजळीने काळे करायचे. मग कानशीचा प्रत्येक हात कुठे लागला, कुठे नाही, ते लख्ख दिसतं. माझे डोळे आता चाळिशीपार आहेत. काजळी नसती तर हे काम मला झेपलं नसतं.

मग दाते वाकवायचे. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. त्यामुळे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. दाता मुळापासून वाकवायचा नाही, वरचा निम्मा भागच. आणि ज्या बाजूला तो आधीच वाकलेला आहे त्याच बाजूला. उलट वाकवला तर तुटतो. यासाठी पकडीसारखं खास अवजार मिळतं, माझ्याकडे ते आहे. मेस्त अजून टणक लाकडाच्या टोकावर पातं ठेवून खिळा आणि हातोडीने एकेक दाता बसवतात, आणि त्यांची रांग माझ्याहून सरळ येते. किती वाकवायचं हे लाकडावर आहे. सुक्या सागवानाला अगदी थोडं. ओल्या फणसाला किंवा माडाला जास्त, नाहीतर भुसा अडकतो आणि करवत घट्ट रुतते. सगळा काप मिळून पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद होऊ नये.

शेवटी धार. तीनधारी कानस नवीच घ्यावी, मी म्हापशाच्या बाजारातून आणते. तिच्या एका टोकाला लाकडी दांडा बसवते आणि दुसऱ्या टोकाला छोटा ठोकळा, ज्यावर कोनाची रेघ मारलेली असते. नजर त्या रेघेवर ठेवली की हात भरकटत नाही. एका बाजूने एक सोडून एक खाच, मग करवत फिरवून उरलेल्या. कानस फक्त पुढे ढकलताना टेकवायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दात्याच्या टोकावर समान करताना पडलेला तो चमकता ठिपका असतो. एका बाजूने घासून तो निम्मा करायचा, दुसऱ्या बाजूने घासून नाहीसा. ज्या हाताला ठिपका विझतो त्या हाताला थांबायचं. आणखी एक हात मारला की दाता बुटका झाला. आडव्या करवतीला दोनशेहून जास्त दाते असतात आणि प्रत्येकाला हेच लक्ष द्यावं लागतं. मला यातला एकही कंटाळवाणा वाटला नाही. कानशीचा आवाज ओळखीचा झाला की बोथट दाता आणि तयार दाता कानानेच कळतात.

झाल्यावर मेस्तांनी शिवणाची सुई मागितली. ती दात्यांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत मुठीकडे ठेवली आणि करवत तिरकी केली. सुई खोबणीतून सरळ टोकापर्यंत घसरत गेली. कुठे एखादा दाता कमी वाकला असता तर ती तिथेच बाहेर पडली असती.

पहिला काप सुक्या आंब्याच्या फळीवर. शेफिल्डची करवत किंचित उजवीकडे ओढत होती, म्हणजे उजव्या बाजूचे दाते जास्त बाहेर. त्या बाजूने तेलदगड एकदा हलकेच फिरवला, पुढचा काप रेघेवर पडला. चिरणाऱ्या करवतीला फणसाची फळी दिली. पिवळा भरड भुसा पायाशी पडत गेला आणि मला दाब द्यावाच लागला नाही, पात्याच्या वजनाने काप पुढे जात होता. सागवानावर ही धार तितकी टिकणार नाही. त्या लाकडात सिलिका असते, ती कुठल्याही धारेला खाते. माडाचं तर विचारूच नका. पण आता बोथट झाली तर पुन्हा समान करणं नको, वाकवणं नको, कानशीचे दोन-दोन हात पुरतील.

पावसाळ्यासाठी मी पात्याला मशीनचं पातळ तेल लावते. खोबरेल घरात असतंच, पण ते काही महिन्यांनी खवट आणि चिकट होतं, त्यावर धूळ बसते. दात्यांवर उभा चिरलेला पाइपचा तुकडा बसवते. करवत भिंतीला टेकून ठेवत नाही, चिऱ्याच्या भिंतीत ओल असते. खुंटीवर, मोकळ्या हवेत.

राहिली तिसरी, दात्यांजवळ खड्डे पडलेली. तिचं पातं मधोमध निर्दोष होतं. व्हाइसमध्ये धरून छिन्नीने तिचे तळहाताएवढे आयत कापले, कडा कानशीने सरळ केल्या, दगडावर घासल्या आणि गोल कडक सळईने दाबून कडेला बारीक वळ काढला. लाकूड खरवडायच्या पत्त्या झाल्या. शिसवीच्या उलट्यासुलट्या रेषांवर रंधा चालवला की लाकूड उचकटतं, तिथे ही पत्ती कागदासारखी पातळ साल काढते. एक मेस्तांना दिली. रथाच्या खांबांवरचा जुना रंग काढायला त्यांना तशीच हवी होती.